मक्तेदारी सिद्ध झाली, पुढे काय?

२०२१ या एका वर्षात गूगलने २६.३ अब्ज डॉलर अशा एका जागेसाठी मोजले, जिच्याकडे आपलं लक्षही जात नाही. हा पैसा अ‍ॅपलला गेला, सॅमसंगला गेला, फायरफॉक्स चालवणाऱ्या मोझिलाला गेला, अमेरिकेतल्या मोबाइल कंपन्यांना गेला. बदल्यात गूगलला मिळालं ते एवढंच, की नवा फोन सुरू केला किंवा ब्राउझर उघडला की शोधायच्या चौकटीमागे गूगल आधीपासून हजर. यालाच डिफॉल्ट म्हणतात. सगळ्यांत मोठा हिस्सा अ‍ॅपलचा: २०२२ मध्ये सुमारे २० अब्ज डॉलर. अ‍ॅपलच्या सफारी ब्राउझरमधून होणाऱ्या शोधांवर गूगलला जाहिरातींतून जे उत्पन्न मिळतं, त्यातले ३६ टक्के अ‍ॅपलला जातात ही गोष्ट दोन्ही कंपन्यांनी जिवापाड जपली होती. नोव्हेंबर २०२३ मध्ये वॉशिंग्टनच्या कोर्टात ती फुटली, आणि तीही गूगलच्याच बाजूने साक्ष द्यायला आलेल्या अर्थतज्ज्ञाच्या तोंडून.

गूगल जर खरोखरच सगळ्यांत चांगलं सर्च इंजिन असेल, तर लोक आपसूक त्याच्याकडे येतील. मग दरवर्षी एवढी बिदागी कशासाठी? अमेरिकेच्या न्याय विभागाने २० ऑक्टोबर २०२० रोजी दाखल केलेला खटला या प्रश्नाभोवती फिरला. त्याचा निकाल गूगलच्या विरोधात गेला, हे वर्तमानपत्रं वाचणाऱ्यांना ठाऊक आहे. इथला विषय मात्र निकालानंतर सुरू होतो. मक्तेदारी सिद्ध करणं हा कामातला सोपा भाग आहे, असं म्हटलं तर स्पर्धा कायद्याचे वकील हसतील. पण सर्च इंजिनांचा गेल्या पंधरा वर्षांचा इतिहास तेच सांगतो. युरोपने सिद्ध केली, रशियाने केली, भारताने केली, अमेरिकेनेही केली. सगळ्यांचं घोडं अडलं ते पुढच्या पायरीवर: झालेलं नुकसान भरून कसं काढायचं?

आधी नुकसान नेमकं कशाचं, ते पाहू. मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरमध्ये डिफॉल्ट बिंग असतं. तिथले सुमारे ८० टक्के शोध बिंगवर होतात आणि २० टक्के गूगलवर. अमेरिकेतले सगळे शोध एकत्र मोजले, की हेच बिंग ६ टक्क्यांच्या आसपास उरतं. एज वापरणारे मुळातच मायक्रोसॉफ्टच्या गोतावळ्यातले, असा आक्षेप यावर घेता येईल आणि त्यात तथ्यही आहे. पण तेवढ्याने ८० आणि ६ यांतलं अंतर भरून निघत नाही. डिफॉल्ट बदलायला कोणी बंदी केलेली नाही. बहुतेक लोक बदलत नाहीत, इतकंच. एसटी स्टँडच्या आवारात चहाचा ठेका एकालाच मिळतो. बाहेर पडून रस्त्यापलीकडे चहा प्यायला कोणाची ना नसते. पण गाडी लागायची असते, हातात पिशव्या असतात, आणि ठेकेदाराचा चहा अगदीच वाईट नसतो. सर्चच्या धंद्यात याच्यावर आणखी एक गंमत आहे. इथे प्रत्येक गिऱ्हाईक चहा पिऊन जाताना ठेकेदाराला चहा कसा करावा हे शिकवून जातं.

कारण सर्च इंजिन शिकतं ते वापरणाऱ्यांकडून. तुम्ही काहीतरी टाइप करता, समोर दहा दुवे येतात. तुम्ही तिसरा उघडता, तो कामाचा निघत नाही म्हणून चार सेकंदांत मागे येता, मग पाचवा उघडता आणि परत येत नाही. पाचवा दुवा तिसऱ्यापेक्षा चांगला, ही माहिती तुम्ही फुकट देऊन टाकलेली असते. गूगलची नॅव्हबूस्ट नावाची यंत्रणा अशा क्लिकांची तेरा महिन्यांची नोंद बाळगून दुव्यांचा क्रम लावते, हे खटल्यात गूगलच्याच अभियंत्यांच्या साक्षीतून उघड झालं. गूगलकडे तेरा महिन्यांत जेवढा असा माल जमा होतो, तेवढा जमवायला बिंगला सतरा वर्षांहून जास्त काळ लागेल, असं न्यायालयाने निकालपत्रात नोंदवलं आहे. अमेरिकेत सगळ्या प्रतिस्पर्ध्यांकडे मिळून रोज जेवढे प्रश्न येतात त्याच्या नऊपट एकट्या गूगलकडे येतात, मोबाइलवर एकोणीसपट. नेहमीचे प्रश्न कोणीही सोडवेल. कधीतरीच विचारले जाणारे, अडनिडे, चुकीचं स्पेलिंग असलेले प्रश्न सोडवायला मात्र तेच प्रश्न आधी कोणीतरी विचारलेले असावे लागतात.

चक्र असं फिरतं: डिफॉल्टमुळे वापर, वापरामुळे डेटा, डेटामुळे दर्जा, दर्जामुळे जाहिरातीचं उत्पन्न, आणि त्या उत्पन्नातून पुन्हा डिफॉल्टची खरेदी. या चक्रात बाहेरच्याने शिरायचं कुठून? गूगलच्या जाहिरात विभागाचे एकेकाळचे प्रमुख श्रीधर रामस्वामी यांनी बाहेर पडून नीवा नावाचं सर्च इंजिन काढलं: जाहिराती नाहीत, वर्गणी घ्यायची. सर्चचं शास्त्र त्यांच्याइतकं जाणणारी माणसं जगात थोडीच असतील, भांडवलही मिळालं होतं. २०२३ मध्ये त्यांनी ते बंद केलं. चांगलं सर्च इंजिन बनवता आलं, पण लोकांना मुळात वेगळं काही निवडायला लावणं जमलं नाही, असा त्यांच्या अनुभवाचा मथितार्थ होता, आणि पुढे कोर्टात साक्ष देतानाही त्यांनी तो मांडला.

चक्राच्या आत बसलेल्याची निश्चिंती किती असते, याचा खटल्यातला पुरावा मला सगळ्यांत बोलका वाटतो. २०२० मध्ये गूगलने स्वतःच एक अभ्यास केला: आपल्या सर्चचा दर्जा मुद्दाम बराच खालावला तर काय होईल? उत्तर निघालं, की सर्चच्या उत्पन्नाला धक्का बसणार नाही. स्पर्धा असलेल्या बाजारातला दुकानदार असा प्रश्न कागदावर मांडायलाही धजणार नाही.

आता कायद्याकडे. अमेरिकेचा शर्मन कायदा १८९० चा. रेल्वे आणि तेलाच्या बड्या धेंडांना आवरायला तो आला, आणि त्याच्याच आधाराने १९११ मध्ये स्टँडर्ड ऑइलचे ३४ तुकडे झाले. तरीही मोठं असणं हा त्या कायद्यात गुन्हा नाही. चांगला माल विकून कोणी शंभर टक्के बाजार मिळवला तर कायदा त्याला हात लावत नाही. मिळवलेली जागा राखण्यासाठी इतरांची वाट अडवली तर लावतो. आपल्याकडे १९६९ च्या एमआरटीपी कायद्याचा रोख मोठेपणावरच होता. २००२ च्या स्पर्धा कायद्याने तो बदलला. त्याच्या कलम ४ मध्ये वर्चस्वाला मनाई नाही, वर्चस्वाच्या गैरवापराला आहे. युरोपचा कायदाही याच वळणाचा.

५ ऑगस्ट २०२४ रोजी न्यायाधीश अमित मेहता यांनी निकाल दिला. गुजरातमधल्या पाटणचा जन्म, वर्षाचे असताना आईवडिलांबरोबर अमेरिकेला गेलेले. गूगल मक्तेदार आहे आणि मक्तेदारी टिकवण्यासाठी मक्तेदारासारखंच वागलेलं आहे, असा त्यांच्या निष्कर्षाचा गाभा. सर्वसाधारण सर्चमध्ये ८९.२ टक्के वाटा, मोबाइलवर ९४.९ टक्के. गूगलचा माल सगळ्यांत चांगला आहे, हेही त्यांनी त्याच निकालात मान्य केलं. पण अमेरिकेतले जवळजवळ निम्मे शोध करारांनी बांधलेल्या जागांवरून होत असतील, तर उरलेल्या तुकड्यावर प्रतिस्पर्ध्याला शिकायला पुरेसं गिऱ्हाईक मिळत नाही. करार बेकायदा ठरले.

मग शिक्षा काय? इथे थोडं मागे जायला हवं, कारण या कोड्याची उत्तरं आधी अनेकांनी देऊन पाहिली आहेत.

पहिलं उत्तर दंड. युरोपियन आयोगाने २७ जून २०१७ रोजी गूगलला २.४२ अब्ज युरोंचा दंड ठोठावला. प्रकरण वस्तूंच्या किमतींची तुलना करून देणाऱ्या संकेतस्थळांचं. ब्रिटनमधल्या अ‍ॅडम आणि शिवॉन रॅफ या दांपत्याने २००६ मध्ये फाउंडेम नावाचं असं संकेतस्थळ काढलं, आणि सुरू होऊन काही दिवसच झाले होते तेवढ्यात गूगलच्या निकालांतून ते जवळपास दिसेनासं झालं. गूगलची स्वतःची शॉपिंग सेवा मात्र पानाच्या डोक्यावर, चित्रांसकट. आयोगाच्या तपासात दिसलं, की सगळ्यांत वरचा क्रम मिळालेली प्रतिस्पर्धी सेवासुद्धा सरासरी चौथ्या पानावर असायची. पहिल्या पानावरच्या दहा दुव्यांना ९५ टक्के क्लिक मिळतात, दुसऱ्या पानावरच्या पहिल्या दुव्याला जेमतेम १ टक्का. चौथं पान म्हणजे अडगळीची खोली.

तारखा पाहा. रॅफ दांपत्याची तक्रार नोव्हेंबर २००९ ची. औपचारिक तपास २०१० ला सुरू. आयुक्त होआकिन अल्मुनिया यांनी गूगलशी तडजोडीचा मसुदा एकदा केला, दोनदा केला, तीनदा केला. तिन्ही वेळा फिसकटला. २०१४ च्या अखेरीस त्यांच्या जागी मार्ग्रेट वेस्टागर आल्या, तेव्हा कुठे प्रकरण पुढे सरकलं. दंड २०१७ ला. गूगलचं पहिलं अपील २०२१ ला फेटाळलं गेलं, दुसरं आणि शेवटचं १० सप्टेंबर २०२४ ला. फाउंडेम त्याच्या आठ वर्षं आधीच बंद पडलं होतं. न्याय मिळाला, तो घ्यायला घर शिल्लक राहिलं नव्हतं.

दंडाबरोबर आयोगाने आणखी एक आदेश दिला होता: प्रतिस्पर्ध्यांना आणि स्वतःच्या सेवेला सारखं वागवा. कसं, ते गूगलवर सोडलं. गूगलने पानाच्या डोक्यावरची जागा लिलावात काढली. ज्याला तिथे दिसायचंय त्याने बोली लावावी. गूगलची शॉपिंग सेवाही म्हणे वेगळ्या खात्याने बोली लावणार, म्हणजे पैसा एका खिशातून दुसऱ्या खिशात. ज्याने वाट अडवली म्हणून शिक्षा झाली, त्यालाच त्या वाटेवर टोल बसवायची मुभा मिळाली. उपाय आरोपीच्या कल्पकतेवर सोपवला की असंच होणार.

दुसरं उत्तर निवडीचा पडदा. फोन पहिल्यांदा सुरू करताना यादी दाखवायची, वापरणाऱ्याने सर्च इंजिन निवडायचं. कागदावर हा उपाय लोकशाहीला शोभेलसा दिसतो. याचा पहिला प्रयोग युरोपने मायक्रोसॉफ्टवर केला होता, ब्राउझरसाठी. २०१० पासून विंडोजमध्ये बारा ब्राउझरांची यादी दिसू लागली. पुढे विंडोज ७ च्या एका सुधारित आवृत्तीत ती यादी चक्क गायब झाली, आणि मे २०११ ते जुलै २०१२ या काळात सुमारे दीड कोटी लोकांना ती दिसलीच नाही. मायक्रोसॉफ्ट म्हणालं, तांत्रिक चूक. मार्च २०१३ मध्ये त्या चुकीचे ५६.१ कोटी युरो मोजावे लागले. या किश्शातली माझ्या दृष्टीने खरी गोष्ट दंडाची नाहीच: वर्षभराहून अधिक काळ यादी गायब होती, तरी आयोगाला ते आपणहून कळलं नाही.

अँड्रॉइडच्या प्रकरणात युरोपने १८ जुलै २०१८ रोजी ४.३४ अब्ज युरोंचा दंड केला. पुढे अपिलात तो ४.१२५ अब्जांवर आला. मूळ आदेशानंतर गूगलने मार्च २०२० पासून नव्या अँड्रॉइड फोनांवर सर्च इंजिनांची यादी दाखवायला सुरुवात केली, आणि इथेही जागांचा लिलाव केला. प्रत्येक देशात गूगलशेजारी तीन जागा, बोली लावेल त्याला. जाहिरातींच्या नफ्यातून झाडं लावणाऱ्या इकोझियाने बोली लावायलाच नकार दिला. प्रत्येक गिऱ्हाइकामागे जो जास्तीत जास्त कमावतो तोच जास्त बोली लावू शकतो. खासगीपणा जपणारा किंवा कमी जाहिराती दाखवणारा मागे पडतो. शेवटी सप्टेंबर २०२१ पासून लिलाव बंद झाला, यादी फुकट आणि लांब झाली. युरोपात गूगलचा वाटा आजही नव्वद टक्क्यांच्या आसपासच आहे.

रशियात मात्र हाच उपाय चालला. तिथल्या मक्तेदारीविरोधी सेवेने यांडेक्स या देशी सर्च इंजिनाच्या तक्रारीवरून २०१५ मध्ये गूगलला दोषी ठरवलं, एप्रिल २०१७ मध्ये समझोता झाला, आणि अँड्रॉइड फोनांवर निवडीची खिडकी आली. त्यानंतर अँड्रॉइडवर यांडेक्सचा वाटा ठळकपणे वाढला. फरक खिडकीत नव्हता. रशियन माणसाला यांडेक्स वर्षानुवर्षं माहीत होतं, रशियन भाषेच्या विभक्ती-प्रत्ययांशी त्याची पहिल्यापासून ओळख होती, संगणकावर ते चांगलं चालत होतं. म्हणजे त्याच्याकडे शिकण्यापुरतं गिऱ्हाईक आधीच होतं. ज्याला कोणी ओळखत नाही आणि ज्याचे निकाल खरोखरच कच्चे आहेत, त्याचं नाव यादीत घालून काय होणार? लोक गूगलवरच बोट ठेवतात, आणि ते शहाणपणाचंच असतं.

भारताचं प्रकरण या दोन्ही उत्तरांच्या मधलं. भारतमॅट्रिमनी चालवणारी कंपनी आणि कट्स ही ग्राहकसंस्था यांच्या २०१२ च्या तक्रारींवर भारतीय स्पर्धा आयोगाने ८ फेब्रुवारी २०१८ रोजी गूगलला सर्चमधल्या पक्षपाताबद्दल १३५.८६ कोटी रुपयांचा दंड केला. आयोगाच्या दोन सदस्यांनी त्या निर्णयाला असहमती नोंदवली. मोठा तडाखा बसला तो अँड्रॉइडच्या प्रकरणात. २० ऑक्टोबर २०२२ चा आदेश, १,३३७.७६ कोटींचा दंड, आणि मागोमाग प्ले स्टोअरच्या बिलांवरून आणखी ९३६.४४ कोटी. अँड्रॉइडची तक्रार कोण्या बलाढ्य प्रतिस्पर्ध्याने केलेली नव्हती. तिच्यामागे दोन तरुण संशोधन-सहायक आणि कायद्याचा एक विद्यार्थी होता. प्ले स्टोअर हवं असेल तर गूगलची सगळी अ‍ॅप्स घ्या आणि सर्चची पट्टी पहिल्याच पडद्यावर ठेवा, ही फोन बनवणाऱ्यांवरची अट आयोगाने अवैध ठरवली.

गूगल स्थगिती मागायला सर्वोच्च न्यायालयात गेलं. तेव्हाचे सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांनी सुनावणीत विचारलं, की युरोपात जे नियम पाळता तेच भारतात पाळणार का? प्रश्न साधा, पण अचूक जागी बसलेला. १९ जानेवारी २०२३ रोजी स्थगिती नाकारली गेली आणि आठवड्याच्या आत गूगलने जाहीर केलं, की भारतात फोन बनवणाऱ्यांना सुटी सुटी अ‍ॅप्स घेता येतील आणि ग्राहकाला डिफॉल्ट सर्च इंजिन निवडता येईल. मार्च २०२३ मध्ये कंपनी कायदा अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, पण आयोगाच्या दहापैकी चार आज्ञा रद्द केल्या. त्यांत प्ले स्टोअरमधून दुसरी अ‍ॅप-दुकानं वाटू देण्याची आणि आधीपासून बसवलेली गूगलची अ‍ॅप्स काढू देण्याची आज्ञा होती. ज्यांनी रोजच्या व्यवहारात फरक पडला असता नेमक्या त्याच आज्ञा गेल्या, असं माझं मत.

दरम्यान संसदेने कायदा सुधारून कंपनीच्या जागतिक उलाढालीवर दंड आकारायची सोय केली. गैरवापर होण्याआधीच मोठ्या डिजिटल कंपन्यांवर बंधनं घालणाऱ्या स्वतंत्र कायद्याचा मसुदाही मार्च २०२४ मध्ये आला. २०२५ सरलं तरी तो मसुदाच होता. युरोपने ही वाट आधीच धरली आहे. तिथला डिजिटल मार्केट्स कायदा मार्च २०२४ पासून गूगलला लागू झाला, आणि त्यात प्रतिस्पर्धी सर्च इंजिनांना शोधांचा आणि क्लिकांचा डेटा द्यावा, असं स्पष्ट कलम आहे. दंड आणि यादी यांनंतरचं तिसरं उत्तर हेच, आणि मेहतांच्या कोर्टात खरी लढाई त्यावर झाली.

न्याय विभागाने एप्रिल २०२५ मध्ये उपायांच्या सुनावणीत मोठी मागणी केली: गूगलने क्रोम ब्राउझर विकून टाकावा, डिफॉल्टसाठी पैसे देणं पूर्ण थांबवावं, डेटा वाटावा. क्रोम विकत घ्यायला उत्सुक मंडळीही निघाली. ओपन-एआयच्या अधिकाऱ्याने साक्षीत तशी तयारी दाखवली, आणि ऑगस्टमध्ये पर्प्लेक्सिटी या लहानशा कंपनीने ३४.५ अब्ज डॉलर देऊ केले. स्वतः कंपनीची किंमत त्याहून कमी होती. पण फुकटची प्रसिद्धी मिळाली.

२ सप्टेंबर २०२५ च्या निर्णयात मेहतांनी क्रोमला हात लावला नाही. कारण समजायला पुन्हा मायक्रोसॉफ्टकडे जावं लागतं. जून २००० मध्ये न्यायाधीश जॅक्सन यांनी मायक्रोसॉफ्टचे दोन तुकडे करायचा आदेश दिला होता. वर्षभराने अपील न्यायालयाने मक्तेदारीचा निष्कर्ष उचलून धरला, तुकड्यांचा आदेश मात्र रद्द केला: तुकडे करायचे तर बेकायदा वागणूक आणि मक्तेदारी यांच्यातला कार्यकारणसंबंध अधिक ठोसपणे दिसायला हवा. मेहतांवर ते बंधन होतं. गूगलची मक्तेदारी केवळ या करारांतून उभी राहिलेली नाही आणि क्रोमच्या जोरावर कोणाला बेकायदा बांधलेलं नाही, मग तो विकायला का लावावा, असं त्यांनी मांडलं. कायद्याच्या चौकटीत हे मला पटतं.

पैसे देण्यावर त्यांनी बंदी घातली नाही, ते पटायला जड जातं. त्यांचं कारण मात्र पोकळ नाही. मोझिलाच्या उत्पन्नाचा मोठा भाग गूगलकडूनच येतो आणि तो थांबला तर फायरफॉक्सच बंद पडेल, अशी साक्ष मोझिलाच्याच वित्त अधिकाऱ्याने दिली होती. मक्तेदारी मोडायला निघावं आणि तिच्या छायेत जगणारा एक स्वतंत्र ब्राउझर मारून बसावं, हा पेच खरा आहे. पण मोझिलाची काळजी वाटत असेल तर अ‍ॅपलला का सूट? अ‍ॅपलला या पैशावाचून उपाशी राहावं लागणार नव्हतं. उलट तो थांबला असता तर स्वतःचं सर्च इंजिन काढायचा किंवा दुसऱ्याला वाढवायचा विचार त्यांनी केला असता. निर्णयानंतर गूगलच्या मूळ कंपनीचा शेअर आठ-नऊ टक्क्यांनी उसळला, अ‍ॅपलचाही वधारला. बाजाराने निकालपत्र वाचलं होतं.

तरीही हा निर्णय मिळमिळीत म्हणून बाजूला सारणाऱ्यांशी मी सहमत नाही. करार राहिले, पण कोणाला एकट्यापुरतं बांधून ठेवायची अट गेली. डिसेंबरमधल्या अंतिम आदेशाने डिफॉल्टच्या करारांना एक वर्षाची मर्यादा घातली, म्हणजे दरवर्षी नव्याने बोली. हीच बंधनं गूगलच्या जेमिनी या एआय सहायकालाही लावली. खटला सुरू झाला तेव्हा ज्या उत्पादनाचा जन्मही झाला नव्हता, ते आदेशात आलं. सहा वर्षं देखरेख करायला तंत्रज्ञांची समिती असेल. विंडोजची गायब झालेली यादी आठवली तर या समितीचं मोल कळतं. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे पात्र प्रतिस्पर्ध्यांना गूगलने आपल्या जालसूचीचा, म्हणजे वेबपानांच्या नोंदवहीचा, काही भाग आणि वापरकर्त्यांच्या क्लिकांचा डेटा द्यायचा, शिवाय ते स्वतःच्या पायावर उभे राहीपर्यंत काही काळ आपले निकालही ठरावीक अटींवर वापरू द्यायचे. जाहिरातींचा डेटा यातून वगळला. म्हणजे चक्र जिथे फिरतं, त्या आसालाच पहिल्यांदा हात घातला गेला.

यात अडचणी आहेत. लोक सर्च इंजिनला जे विचारतात ते डॉक्टरला आणि बायकोलाही विचारत नाहीत. असा डेटा दुसऱ्या कंपनीला देताना माणूस ओळखू येणार नाही याची हमी कशी द्यायची, यावर तज्ज्ञांत एकमत नाही. नाव काढलं तरी प्रश्नांवरून माणूस सापडतो. फार खरडून काढला तर डेटा निरुपयोगी, फार ठेवला तर धोकादायक. शिवाय पात्र कोण, हे ठरवताना उद्या एखादी धनाढ्य एआय कंपनीच रांगेत पहिली उभी दिसेल. मेहतांनी निर्णयात एआयचा विचार जागोजागी केला आहे, आणि भविष्य ओळखणं हा न्यायाधीशाचा प्रांत नव्हे, अशी कबुलीही दिली आहे. मे २०२५ मध्ये अ‍ॅपलचे अधिकारी एडी क्यू यांनी साक्षीत सांगितलं होतं, की एप्रिलमध्ये सफारीतले शोध पहिल्यांदाच घटले. त्या एका वाक्यावर गूगलचा शेअर त्याच दिवशी सात टक्क्यांहून जास्त घसरला. बाजार आपोआप मोकळा होतोय, मग कोर्टाने कशाला घाई करावी, हा युक्तिवाद तिथून बळावला.

मला तो अर्धाच पटतो. एआय सहायकालाही उत्तर देण्यासाठी ताजी, नीट लावलेली जालसूची लागते, आणि ती ज्याच्याकडे आहे त्याच्याकडेच पुन्हा जावं लागतं. दरवाजा बदलला तरी कोठार तेच राहतं.

जानेवारी २०२६ मध्ये गूगलने मक्तेदारीच्या निष्कर्षाविरुद्ध अपील दाखल केलं. निर्णय लागेपर्यंत काही आदेशांना स्थगिती द्यावी, अशी विनंतीही सोबत केली. करारांवरच्या एक वर्षाच्या मर्यादेला स्थगिती मागितली नाही. मागितली ती दोनच गोष्टींना: प्रतिस्पर्ध्यांना डेटा देण्याला आणि आपले निकाल वापरू देण्याला.